वाचनालयातली पुस्तकं विषयवार लावायचीत, ड्यूई धरावं का आपलं आपणच ठरवावं? (सोलापूर)

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी. सोलापुरात पूर्व भागात, अशोक चौकाच्या आतल्या बाजूला आमच्या मंडळाचं एक छोटं वाचनालय आहे. अनुदान वगैरे काही नाही, वर्गणी आणि देणगीवर चालतं. पुस्तकं साधारण साडेतीन हजार. आत्तापर्यंत सगळा कारभार दाखल नोंदवहीवर, म्हणजे पुस्तक आलं की पुढचा नंबर टाकायचा आणि त्याच नंबराने कपाटात उभं करायचं, त्यामुळे एका पाककृतीच्या शेजारी शिवचरित्र आणि त्याच्या शेजारी बारावीचं केमिस्ट्री असा प्रकार आहे. जे अण्णा बघायचे त्यांना कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात हे तोंडपाठ होतं म्हणून कधी अडलं नाही, पण आता ते मुलाकडे पुण्याला गेलेत आणि एखादं पोरगं येऊन "इतिहासाचं काय आहे" म्हणून विचारतं तेव्हा आम्ही नोंदवही चाळत बसतो.

तर कमिटीने ठरवलंय की कपाटांची कुलपं काढायची, लोकांना स्वतः पुस्तकं बघू द्यायची आणि सगळं विषयवार लावायचं. मी कॉम्प्युटरवाला म्हणून काम माझ्या गळ्यात. नेटवर वाचायला बसलो तर ड्यूई (विषयाला नंबर देऊन पुस्तकं लावायची पद्धत), कोलन, विषयशीर्षकं, कोहा, मार्क, डोकं गरगरायला लागलं. माझ्या अडचणी सांगतो.

एका पुस्तकाचे दोन तीन विषय असतात त्याचं काय करायचं? आमच्याकडे विणकामाची पुस्तकं बरीच आहेत, इथं घरटी माग होता ना. त्यात एक हातमाग कसा चालवायचा त्याचं, एक गिरणी कामगारांच्या संपाचं, एक चादर टॉवेलच्या धंद्याचं, एक नक्षीकामाच्या डिझाइनचं. मला वाटतं ही सगळी एकत्र दिसावीत. पण ड्यूईचा तक्ता बघितला तर सगळी चार दिशेला. तसंच डॉ. कोटणीसांचं चरित्र. ते डॉक्टर म्हणून ठेवू, चीन म्हणून, युद्ध म्हणून का आपल्या सोलापूरचा माणूस म्हणून?

दुसरी अडचण भाषेची. मराठी जास्त, पण तेलुगूही बरीच, शिवाय उर्दू, हिंदी आणि थोडी कन्नड. आधी भाषा का आधी विषय?

आणि बाबासाहेबांच्या लेखनाचे सरकारी खंड आहेत, ते फोडायचे का एकत्र ठेवायचे यावर कमिटीत आवाज चढलाय.

एक सदस्य म्हणतात एवढा व्याप कशाला, कादंबरी, चरित्र, धार्मिक आणि इतर अशी चार कपाटं करा आणि सोडा. कुणी असं काम केलेलं असेल तर सांगा प्लीज.

चटणी_भाकरी

मालक, "इतर" हे कपाट बनवू नका. सगळ्या वाचनालयात तेच सगळ्यात मोठं होतं आणि त्यात गेलेलं पुस्तक परत कुणाला दिसत नाही.

निवृत्त_ग्रंथपाल

कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं म्हणून जरा लांब लिहिते, चालवून घ्या.

तुमचा सगळा गोंधळ एकाच ठिकाणी आहे. तुम्ही दोन कामं एकट्या कपाटाकडून करून घ्यायला बघताय. पुस्तक ही वस्तू आहे, ती एका वेळी एकाच जागी उभी राहणार, ती जागा कुठली हे ठरवणं म्हणजे वर्गीकरण. त्या पुस्तकात काय काय आहे आणि ते कुणाकुणाला लागेल हे सांगणं म्हणजे तालिका, कॅटलॉग. माणूस राहतो एका घरात पण त्याला ओळखणारे चार पेठांत असतात, तसं. जागा एकच द्या, मन घट्ट करून द्या, आणि उरलेले तिन्ही विषय कॅटलॉगमध्ये लिहा. हे एकदा मान्य केलं की कमिटीतली निम्मी भांडणं संपतात, कारण "कपाटात कुठे" ह्याचा अर्थ "हे पुस्तक खरं कशाबद्दल आहे" असा राहत नाही.

आता तुमची दाखल नंबरची पद्धत. तिला वाईट म्हणणार नाही, चोरी झाली का, पुस्तक गहाळ आहे का हे तपासायला तीच लागते, म्हणून दाखल क्रमांक बदलू नका, पुसू तर नकाच. पण तिच्यात पुस्तकाची जागा कायमची ठरलेली असते. एके काळी सगळ्या जगात असंच चाललं होतं, अमुक कपाट तमुक फळी. मेलव्हिल ड्यूईने १८७६ साली, वय वर्षं २४, एक ४४ पानांची पुस्तिका छापली आणि त्यात नंबर फळीला न देता विषयाला दिला. म्हणजे नवीन पुस्तक आलं की ते आपल्या विषयाच्या दोन पुस्तकांच्या मधे घुसतं आणि बाकीची सरकतात, नंबर कुणाचाच बदलत नाही. आपल्याकडच्या कुलूपबंद कपाटांत अजून १८७६ च्या आधीचंच राज्य आहे म्हणा ना.

त्याचे दहा मोठे वर्ग: ००० सामान्य, १०० तत्त्वज्ञान मानसशास्त्र, २०० धर्म, ३०० समाजशास्त्रं, ४०० भाषा, ५०० विज्ञान, ६०० तंत्र आणि उपयोजित विद्या, ७०० कला खेळ, ८०० साहित्य, ९०० इतिहास भूगोल. प्रत्येकाचे परत दहा, त्याचे परत दहा, आणि तीन आकड्यांनंतर टिंब देऊन हवं तितकं बारीक.

तुमची विणकामाची पुस्तकं का पांगली ते बघा. ड्यूई विषय बघत नाही, त्या विषयाकडे कुठल्या शास्त्राच्या बाजूने बघितलंय ते बघतो. कापड कसं बनतं हे तंत्र, ६७७. विणकाम कला म्हणून, ७४६.१. कापड धंद्याचं अर्थकारण ३३८.४७६७७. कापड कामगार ३३१.७६७७, आणि संप हाच मुख्य विषय असेल तर ३३१.८९२. ३३८.४७६७७ मधले शेवटचे तीन आकडे बघा, ६७७, म्हणजे कापड तिथेही आहेच, पण धंद्याच्या शेपटाला लागून आलंय. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आला तर त्याला हे बरोबर वाटतं, साखर धंदा, कापड धंदा शेजारी शेजारी. विणकराला मात्र चार कपाटं फिरावं लागतं. ड्यूईला स्वतःलाही हे माहीत होतं म्हणून त्याने शेवटी एक सूची जोडली, त्यात "कापड" असं एकदा शोधलं की कुठकुठल्या वर्गात ते विखुरलंय ते सगळं एका खाली एक मिळतं. त्याच्या पद्धतीत मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही सूचीच.

छोट्या वाचनालयाने टिंबानंतर दोन आकड्यांच्या पुढे जाऊ नये असं माझं मत. साडेतीन हजार पुस्तकांना ३३८.४७६७७ चिकटवलं तर लेबल वाचायला भिंग लागेल, ३३८.४७ बास. आणि लावणाऱ्या पोरांना एवढं शिकवा की टिंबानंतरचा आकडा एकेक करून वाचायचा. ३३१.७६७७ हे ३३१.८ च्या आधी येतं. पोरं "सात हजार सहाशे सत्त्याहत्तर" असं वाचतात आणि पुस्तक आठाच्या पुढे नेऊन ठेवतात, मग ते पुढच्या ग्रंथमोजणीतच सापडतं.

कोटणीसांचं: ड्यूईप्रमाणे डॉक्टर म्हणून ६१०.९२, युद्धावरच भर असेल तर चीनच्या इतिहासात ९५१ खाली. तुम्ही दोन्ही करू नका. सार्वजनिक वाचनालयात चरित्रं एकत्रच ठेवावीत, लोक चरित्र म्हणूनच मागतात. फक्त लावताना लेखकाच्या आडनावाने लावू नका, ज्याचं चरित्र आहे त्याच्या नावाने लावा, म्हणजे कोटणीसांवरची तीन लेखकांची तीन पुस्तकं एकमेकांना चिकटून राहतील. आणि कॅटलॉगमध्ये खाली चार विषय लिहा: कोटणीस द्वारकानाथ, वैद्यकीय पथक चीन १९३८, चीन जपान युद्ध, सोलापूर व्यक्ती.

बी_लिब_चालू

मॅडमनी रंगनाथनना विसरल्यासारखं केलं म्हणून मी लिहितो, सध्या आमची परीक्षा तोंडावर आहे त्यामुळे डोक्यात तेच. वर "कोलन" आलंय ना, ती एस. आर. रंगनाथन यांची द्विबिंदू पद्धत, पहिली आवृत्ती १९३३. गणिताचे प्राध्यापक होते, १९२४ ला मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, मग लंडनला शिकायला पाठवलं, तिथे एका मोठ्या दुकानात मेकॅनो खेळणं बघितलं, त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रूंपासून कधी क्रेन कधी गाडी, आणि सुचलं की विषयाचे नंबर तयार करून ठेवायचेच कशाला, विषयाचे सुटे भाग करा आणि पुस्तक हातात आल्यावर जोडा.

सुटे भाग पाच: मुख्य वस्तू किंवा व्यक्तिमत्त्व, द्रव्य, क्रिया, स्थळ, काळ. ग्रंथालयशास्त्राच्या पोरांना पाठ असलेलं एक उदाहरण आहे, फुफ्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणाने उपचार, त्यावर भारतात १९५० च्या दशकात झालेलं संशोधन. त्याचा नंबर एकेक तुकडा जोडत बनतो: एल म्हणजे वैद्यक, ४५ फुफ्फुसं, ४२१ क्षय, ६ उपचार, २५३ क्ष-किरण, मग संशोधनाचा एफ, ४४ भारत, आणि एन५ म्हणजे ते दशक. मधे स्वल्पविराम, अर्धविराम, कोलन, टिंब, वेलांटीसारखं चिन्ह. बघायला गणिताचं समीकरण, पण प्रत्येक तुकडा काय बोलतोय ते कळतं.

वापरा असं म्हणत नाही हां, त्या नंबरांची लेबलं बघून तुमचे वाचक पळून जातील. पण विचार करायला ती पद्धत भारी आहे. कुठलंही पुस्तक हातात घेतलं की विचारायचं, वस्तू काय? तिच्यावर क्रिया कुठली? कुठे? कधी? संपाच्या पुस्तकाला लावून बघा: गिरणी कामगार, संप, सोलापूर, अमुक साल. झाली ना तुमची विषयशीर्षकं तयार.

धर्माच्या बाबतीत पण त्यांचं जास्त पटतं. ड्यूईत २२० ते २८० सगळं बायबल आणि ख्रिस्ती धर्म, आणि बाकी सगळं जग २९० मध्ये कोंबलेलं. बौद्ध २९४.३, जैन २९४.४, हिंदू २९४.५, इस्लाम २९७. आपल्या वाचनालयात २३० ची फळी रिकामी आणि २९४.५ ला अख्खं कपाट पुरत नाही असं होणार. कोलनमध्ये वैदिक, नंतरचा हिंदू, जैन, बौद्ध, ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम असे एकेक आकडा सगळ्यांना.

कोहावाला

तांत्रिक बाजू मी सांगतो. कोहा म्हणजे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, फुकट आहे, ओपन सोर्स, २००० साली न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागातल्या लायब्ररीने स्वतःसाठी करून घेतलं तिथून सुरू झालं, त्यामुळे छोट्या वाचनालयाला जमणार नाही असं काही नाही. पण लिनक्सचा सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो आणि तो पुढच्या वर्षी नोकरीला बेंगळुरूला गेला तर तुमचं परत अण्णांसारखंच होणार. म्हणून आधी साध्या एक्सेलमध्ये करा, फक्त रकाने असे ठेवा की उद्या कोहात ओढता येतील.

मार्क म्हणजे पुस्तकाच्या नोंदीचा ठरलेला साचा, प्रत्येक माहितीला एक नंबर. लेखक १००, नाव २४५, ड्यूई नंबर ०८२, विषय ६५०. गंमत अशी की ०८२ मधला एकच नंबर तुम्ही पुस्तकाच्या पाठीवर चिकटवता पण ६५० हवे तितक्या वेळा टाकता येतात. मॅडम वर जे सांगतायत ते साच्यातच आहे, जागा एक विषय अनेक. एक्सेलमध्ये विषय१, विषय२, विषय३, विषय४ असे चार रकाने करा. एकाच रकान्यात स्वल्पविराम देऊन कोंबू नका, नंतर सुटे करताना रडाल.

विषयांची यादी आधी बनवा, मग भरायला बसा. नाहीतर एक पोरगं "शेती" लिहितं, दुसरं "कृषी", तिसरं "शेतकी", आणि शोधणाऱ्याला एक तृतीयांशच पुस्तकं दिसतात. एक शब्द पक्का करायचा आणि बाकीच्यांपुढे "शेती पाहा" असं लिहून ठेवायचं. लहान ग्रंथालयांसाठी सिअर्सची इंग्रजी यादी आहे, १९२३ पासूनची, ती समोर ठेवली की कुठला विषय कशाशी जोडायचा हे कळतं, पण शब्द तुमच्या वाचकाचे घ्या. यंत्रमागाला आपल्याकडे कुणी शक्तिचलित माग म्हणत नाही ना, मग यादीतही यंत्रमागच.

आणि नेमका शब्द टाका. कटर नावाच्या गृहस्थाने १८७६ लाच, ड्यूईच्याच वर्षी, नियम घालून दिलाय की मांजरावरचं पुस्तक "मांजर" खाली जाईल, "प्राणिशास्त्र" खाली नाही. आपल्याकडे उलट होतं, हातमागाच्या पुस्तकाला "उद्योग" असा विषय देतात, मग उद्योग शोधलं की दोनशे पुस्तकं आणि हातमाग शोधलं की शून्य.

लेखकाच्या नावाचंही तेच. काही पुस्तकांवर कुसुमाग्रज आणि काहींवर वि. वा. शिरवाडकर असतं. एक रूप ठरवा, दुसऱ्यावरून पहिल्याकडे पाठवा.

शेवटचं पण सगळ्यात महत्त्वाचं, टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे मोबाईलवर मराठी लिहितो तसं, कुठल्याही कॉम्प्युटरला वाचता येईल असं. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये यादी करून घेऊ नका. एका संस्थेची अशी यादी माझ्याकडे आली होती, प्रिंट काढली की सुंदर मराठी आणि सर्च केलं की काहीच सापडत नाही, कारण कॉम्प्युटरच्या लेखी ती मराठी नव्हतीच. "हिंदी" आणि "हिन्दी" यातलंही एकच काहीतरी धरा.

बाहेरून तयार नोंदी ओढता येतात हे खरंय, अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मराठी पुस्तकांच्या नोंदी आहेत, पण नावं रोमन लिपीत, वर टिंबं आणि रेघा. ती परत देवनागरी करण्यापेक्षा हाताने भरलेलं लवकर होतं.

सातरस्ता_वाचक

मी ग्रंथपाल नाही, नुसता वाचक, आणि माझं मत जरा वेगळं आहे. तुमचं हे ८९१.४६३ बघून मला काय कळणार? मला कादंबरी पाहिजे तर कपाटावर मोठ्या अक्षरात "कादंबरी" लिहा ना. एका ग्रंथालयात मी हा प्रकार बघितलाय, सगळं मराठी साहित्य ८९१.४६ ने सुरू, कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा कादंबरी ८९१.४६३, अख्ख्या भिंतीवर तोच नंबर. अमेरिकन ८१०, इंग्लिश ८२०, जर्मन ८३० अशी प्रशस्त घरं आणि मराठीला ८९० च्या पडवीत सहा आकड्यांचा पत्ता.

त्यावर कडी म्हणजे अनुवाद. बंगाली कादंबरीचा मराठी अनुवाद मला सापडेना, विचारलं तर म्हणे तो ८९१.४४३ ला आहे, बंगाली साहित्यात. अहो पण मी तो मराठीत वाचणार आहे ना! नियम असेल तसा, पण मराठी वाचणारा माणूस बंगालीच्या फळीकडे जाणार कशाला.

आणि दलित आत्मकथनं. ती एका ठिकाणी ३०५.५६८८ ला, समाजशास्त्रात ठेवलेली बघितली. म्हणजे मध्यमवर्गीय लेखकाने आयुष्य लिहिलं की ते साहित्य, आणि दलित लेखकाने लिहिलं की तो समाजाचा नमुना? मला ते खटकलं, अजून खटकतं.

निवृत्त_ग्रंथपाल

सातरस्ता, तुमचा राग मला मान्य आहे आणि तीनपैकी तीनही ठिकाणी मी तुमच्या बाजूची.

कथा, कादंबरी, कविता, नाटक यांना ड्यूई लावूच नका. ड्यूईनेसुद्धा पर्याय दिलाय की ज्याला आपल्या भाषेचं साहित्य पुढे आणायचंय त्याने ८१० तिला द्यावं किंवा एखादं अक्षर लावून सगळ्यांच्या आधी ठेवावं. धर्मालाही असाच पर्याय आहे. लोकांना हे माहीतच नसतं आणि ते छापील नंबर देवाचा शब्द असल्यासारखा धरतात. तर कपाटावर "कादंबरी" लिहा, आत लेखकाच्या आडनावाने लावा, लेबलवर "का" आणि खाली आडनावाची पहिली तीन अक्षरं. अनुवाद ज्या भाषेत वाचायचा त्या भाषेच्या कादंबऱ्यांत. मूळ भाषा कॅटलॉगमध्ये लिहा, मार्कमध्ये त्याला ०४१ अशी वेगळी जागा आहे, म्हणजे कुणी "बंगालीतून आलेलं काय आहे" विचारलं तर तेही सांगता येतं.

आत्मकथनं सगळी आत्मचरित्रांत. जातीवर, समाजरचनेवर अभ्यास म्हणून लिहिलेलं पुस्तक ३०५ ला, स्वतःचं आयुष्य लिहिलेलं चरित्राच्या कपाटात, लेखक कुणीही असो. समाजशास्त्राचा विद्यार्थी कॅटलॉगमधून तिथे पोचेल.

बाबासाहेबांच्या खंडांचं. महाराष्ट्र शासनाची मालिका, पहिला खंड १९७९ चा. फोडले तर सहावा खंड अर्थशास्त्रात, अकरावा बौद्ध धर्मात, तेरावा राज्यघटनेत जाईल, नंबरांच्या हिशोबाने बरोबरही ठरेल, आणि १४ एप्रिलला कुणी "खंड दाखवा" म्हणालं तर तुम्ही पळत बसाल. संच आहे, संच म्हणूनच ठेवा. पण मग इथे कॅटलॉगचं खरं काम सुरू होतं. बहुतेक वाचनालयं नोंदवहीत "खंड ६" एवढंच लिहून मोकळी होतात. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध त्या खंडात आहे हे कुठेच दिसत नाही, आणि बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करणारं पोरगं त्याच खोलीत बसून चलनावरचं पुस्तक नाही म्हणून निघून जातं. प्रत्येक खंडाची अनुक्रमणिका उघडा आणि आतल्या प्रत्येक मोठ्या लेखनाची वेगळी ओळ करा, त्याला त्याचा विषय. याला विश्लेषणात्मक नोंद म्हणतात. पूर्वी आम्ही यासाठी पाच बाय तीन इंचाची वेगवेगळी कार्डं लिहायचो, एका खंडाची आठ दहा, बोटं दुखायची. तुम्हाला एक्सेलमध्ये एक संध्याकाळ लागेल.

विणकामाची पुस्तकं एकत्र दिसावीत हा तुमचा हट्ट मात्र मी मोडणार नाही. पूर्व भागात वाचनालय आहे, तिथे नाही तर कुठे. "सोलापूर आणि विणकाम" असं एक स्थानिक कपाट करा, लेबलवर नंबराच्या आधी "सो" टाका. १९३० चा मार्शल लॉ, चार हुतात्मे, गड्डा यात्रा (सिद्धेश्वराची जत्रा), गिरण्या, माग, चादर सगळं त्यात. एरवी ९५४.७९ ला महाराष्ट्राच्या इतिहासात गेलं असतं ते पण. आत मात्र ड्यूईच्याच क्रमाने लावा म्हणजे संपाचं आणि डिझाइनचं मिसळणार नाही. असं कपाट एकच असावं. दुसरं, तिसरं करायला लागलात की पद्धत मोडली.

पूर्वभागकर

बापरे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मॅडम, कोहावाले, सगळ्यांचे आभार. कमिटीला हे सगळं छापून दाखवलं, चार कपाटंवाले सदस्य जरा नरम पडलेत.

भाषेचं राहिलंच पण. माझा कल होता की माहितीची पुस्तकं सगळ्या भाषांची विषयावर एकत्र ठेवावीत, म्हणजे ६४१.५ पाककृती, त्यात मराठी तेलुगू उर्दू शेजारी. पण आमच्याकडे तेलुगू वाचणारे बहुतेक वयस्कर आहेत, मराठी बोलतात फाडफाड पण वाचायला तेलुगूच बरी वाटते. आणि त्यांची नातवंडं उलट, घरी तेलुगू बोलतात आणि लिपी येत नाही. मग काय करू? शिवाय सिद्धरामेश्वरांच्या वचनांची पुस्तकं आहेत, मूळ कन्नड, पुस्तक मराठी, ती कन्नडमध्ये का मराठीत का धर्मात?

बी_लिब_चालू

पुस्तकातलं उत्तर "आधी विषय" असं आहे. पण रंगनाथन यांचाच चौथा नियम म्हणतो वाचकाचा वेळ वाचवा, त्यामुळे पेपरात दोन्ही लिहून मार्क मिळतील.

निवृत्त_ग्रंथपाल

पेपर सोडा, चालणार कोण आहे ते बघा. सत्तरीतल्या माणसाला तेलुगूची शंभर पुस्तकं शोधायला सगळ्या खोलीभर फिरवू नका. ज्याला एकच लिपी वाचता येते त्याच्यासाठी भाषा हाच पहिला विषय. तेलुगू आणि उर्दू वेगळी कपाटं, दाराजवळ, वर्तमानपत्राच्या टेबलाशेजारी. मराठी आणि हिंदी लिपी एक, वाचकही तेच, त्यांची माहितीची पुस्तकं विषयावर एकत्र करायला हरकत नाही. कन्नड थोडी आहेत तर एक फळी पुरे. पण नंबर सगळीकडे तोच द्या, तेलुगू पाककृतीलाही ६४१.५, आधी फक्त "ते". उद्या कुणी विचार बदलला तर कपाटं हलवा, नंबर हलवावे लागणार नाहीत.

वचनं मराठी वाचकासाठी आहेत, तर मराठीत, धर्माच्या फळीवर. विषय तीन: सिद्धरामेश्वर, वचन साहित्य, लिंगायत. मूळ भाषा कन्नड.

चटणी_भाकरी

आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं? अभ्यासिकेत येणाऱ्या पोरांना तीच लागतात, बाकी काही नको.

निवृत्त_ग्रंथपाल

ती वेगळीच, अभ्यासिकेत, परीक्षेच्या नावाने लावा. दर दोन वर्षांनी जुनी आवृत्ती काढून टाकायची असते, त्यांना वर्गांक देण्यात वेळ घालवू नका.

कोहावाला

भरायला दोन पोरं बसवा, एक पुस्तक उघडून वाचणारा आणि एक टाईप करणारा. एकट्याने केलं की विषयाचा रकाना रिकामा राहतो, पुस्तक चाळायचा कंटाळा येतो आणि नुसत्या नावावरून विषय टाकला जातो. मराठी पुस्तकांची नावं फसवी असतात राव, कुठल्या तरी फुलाचं नाव असतं आणि आत सहकारी पतसंस्थेचा इतिहास निघतो.

पूर्वभागकर

हे पटलं. येत्या रविवारी आधी "सो" कपाटापासून सुरू करतोय. लेबल कशाचं लावू आणि नंबर पुस्तकात कुठे लिहू?

निवृत्त_ग्रंथपाल

शीर्षकपानाच्या मागे, पेन्सिलीने, पेनाने कधीच नाही, कारण पहिल्या महिन्यात तुम्ही निम्मे नंबर बदलणार आहात. लेबल पाठीवर तळापासून दोन बोटं वर, सगळ्या पुस्तकांना एकाच उंचीवर. वरून सेलोटेप लावू नका, उन्हाळ्यात आपल्याकडे तो वाळून सुटतो आणि लेबल घेऊन जातो, नुसता चांगला डिंक बरा. प्रत्येक फळीचा उजवीकडचा तिसरा भाग मोकळा सोडा, नवीन पुस्तकं मधे घुसणार आहेत. फळ्या गच्च भरल्यात तर गड्ड्याच्या सुमाराला देणगीत आलेली पुस्तकं परत आडवी रचायला लागाल.